एल्क नराची माजोत्तर शिकार

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात, मुख्यतः कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटॅना आणि आयडाहो या राज्यांत, एल्क हरणांचा माज ओसरल्यावर केली जाणारी नरांची शिकार. तिचा काळ साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. एल्क ऊर्फ वापिटी (सर्व्हस कॅनडेन्सिस) हा सांबराच्याच कुळातला, पण थंड मुलखातला प्राणी. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो. जगातला सर्वांत मोठा एल्कसाठा कोलोरॅडोत आहे.

सप्टेंबरात नर शिट्टीसारखी उंच आरोळी देतो, माद्यांचा कळप राखतो आणि इतर नरांशी झुंजतो. त्या दिवसांत त्याच्या किंवा मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावता येते. माज उतरला की तो सहसा हाकेला येत नाही. चरणे जवळजवळ सोडून माद्यांमागे धावल्याने त्याचे वजन १५ ते २० टक्क्यांनी घटलेले असते, अंगावर झुंजीच्या जखमा असतात आणि हिवाळा तोंडावर आलेला असतो. मग तो कळपापासून फुटतो आणि एकटा किंवा दोन-चार नरांच्या टोळीत दाट, उताराच्या, माणूस सहसा फिरकत नाही अशा रानात शिरतो. थकलेले जनावर म्हणजे सोपी शिकार, हा समज चुकीचा आहे. नर आता कमीत कमी हालचाल करतो, आणि न हलणारे जनावर शोधणे सर्वांत कठीण.

त्याला आता हवे असते ते चारा, आडोसा आणि निवांतपणा, तेही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. म्हणून अनुभवी शिकारी पायपीट करण्याआधी नकाशा वाचतो. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन लागते, बर्फ लवकर वितळतो आणि वाळके गवत उघडे राहते. उत्तरेकडच्या उतारावर स्प्रूस-फर या सूचिपर्णी झाडांचे काळोखे जंगल असते. नर पहाटे आणि सांजवेळी पहिल्या जागी चरतो, दिवसभर दुसऱ्या जागी रवंथ करत बसतो. समोरच्या धारेवर उजाडण्यापूर्वीच ठाण मांडून दुर्बिणीने झाडीची कड तासन्‌तास न्याहाळणे हा या शिकारीचा गाभा. पुष्कळदा दिसते ते पूर्ण जनावर नसतेच: फांद्यांमध्ये शिंगाचे फिकट टोक, किंवा खोडांच्या उभ्या रेघांत पाठीची एक आडवी रेघ.

वाऱ्याचे गणित चुकले तर बाकी सारे व्यर्थ. पहाटे थंड हवा दरीकडे उतरते, ऊन चढले की ती वर वाहू लागते. ही पालट होण्याच्या तासाभरात वारा भरवशाचा नसतो, तेव्हा जाणते शिकारी पुढे सरकत नाहीत. ताजा बर्फ पडला की माग काढणे सोपे होते. मोठे हिम आले की माद्या आणि पाडसे आधी खाली उतरतात; थोराड नर बऱ्याचदा उंचावरच रेंगाळतात.

गोळी खांद्यामागे, फुप्फुसांच्या जागी बसावी लागते. कातडे जाड असल्याने आतली ऊब टिकते आणि मांडीच्या हाडालगतचे मांस थंडीतही नासू शकते, म्हणून सोलणे लगेच सुरू होते. रस्ता दूर असेल तर पोट न फाडता चार फऱ्या (खांद्या-मांडीसह पाय), पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब मांसपट्ट्या आणि मानेचे मांस वेगळे करून कापडी पिशव्यांत भरतात. हाडासह मागची एक फरी पाठीवर घेऊन बर्फातून चढणे हे या शिकारीतले सर्वांत कष्टाचे काम, आणि माझ्या मते बार टाकण्यापूर्वी विचार करावा तो याचाच. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे कायद्याने गुन्हा आहे.

कोलोरॅडोत रायफलच्या शिकाऱ्याला अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी कापड बाळगावे लागते. बहुतेक विभागांत एका शिंगाला निदान चार टोके, किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा असल्याशिवाय नर मारता येत नाही. हरणांचा ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा मेंदूरोग १९६७ मध्ये याच राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे प्रथम आढळला. त्यामुळे काही विभागांत मारलेल्या जनावराचे डोके तपासणीला द्यावे लागते, आणि रोग निघाल्यास मांस न खाण्याचा सल्ला दिला जातो.

वाचलेल्या नरांची शिंगे मार्च-एप्रिलमध्ये गळतात. यलोस्टोन परिसरात १९९५-९६ साली लांडगे पुन्हा सोडण्यात आले. तेथे शिंगे लवकर गाळणारे नर लांडग्यांना अधिक बळी पडतात, असे अभ्यासात दिसले आहे.