पेशंटच्या सीरमवर संशोधन: एथिक्स कमिटीचा अर्ज बडोद्यात कुठे अडकतो

कॅन्सरच्या काही पेशंटच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) गाठीतल्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. त्यांचाच गळ टाकून कॅन्सरशी निगडित अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) शोधायचं, ही सेरेक्स पद्धत 1995 मध्ये जर्मनीतून पुढे आली. एनवाय-ईएसओ-1 हे अँटिजेन याच वाटेने 1997 मध्ये सापडलं. पण रक्ताचा थेंबही घेण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी.

कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी बघा. प्रोटोकॉल, बजेट, बायोडेटा, जीसीपी (चांगल्या क्लिनिकल संशोधनाचे नियम) प्रमाणपत्र हे सगळे जोडतातच.

फाइल परत येते ती संमतीपत्रावरून. गुजराती, हिंदी, इंग्रजी प्रती असतात, पण दांडिया बाजारातल्या आजींना मराठीच वाचता येतं, त्यांचं काय? माहितीपत्रक पेशंटला कळणाऱ्या भाषेतच हवं. तिथेही ‘प्रतिपिंड’ (अँटीबॉडी) लिहू नका. ‘आजाराशी लढायला रक्तात तयार होणारा पदार्थ’ लिहा. सीरम पुढच्या संशोधनासाठी साठवणार असाल तर त्याला वेगळी हो-नाहीची चौकट द्या. अंगठा असेल तर साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा.

बहुतेक फाइलींत नसलेला कागद म्हणजे निरोगी माणसांचं संमतीपत्र. तुलनेसाठी त्यांचंही सीरम लागतं, आणि पेशंटचाच फॉर्म त्यांना चालत नाही. ‘तुमच्या गाठीचा तुकडा’ वाचून धडधाकट माणूस घाबरेल की!

गाठीच्या तुकड्यासाठीही वेगळा कागद लागतो. सीडीएनए लायब्ररीसाठी (गाठीतल्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतींच्या संचासाठी) तो ताजा, लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेला लागतो. फॉर्मलिनच्या ब्लॉकमधला आरएनए तुटलेला असतो. म्हणून ‘निदानापुरता भाग आधी काढून घेऊ’ असं पॅथॉलॉजिस्टचं पत्र जोडा.

प्रोटोकॉलमध्ये 5 मिली रक्त, 30 मिनिटं गोठू देणं, छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 अंशांवर ठेवणं, एवढं पुरे. मात्र नुकतंच रक्त चढवलेले पेशंट वगळा आणि कारणही लिहा: दात्याच्या अँटीबॉडी मिसळतात. आयजीजी (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) निम्मी व्हायलाच साधारण 21 दिवस लागतात, त्यामुळे एक-दोन आठवडे थांबून भागत नाही. नमुना केमोच्या आधीचा घ्या.

‘लॅबमध्ये उरलेलंच सीरम आहे’ म्हणून अर्ज टाळू नका. संमतीतून सूट कमिटी देते, ती आपली आपण घ्यायची नसते. परदेशी भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी वेगळी लागते.

आणि तारीख नीट वाचा. मंजुरीपत्राआधी घेतलेल्या नमुन्यांना मागाहून परवानगी मिळत नाही, मग विद्यार्थ्याचं वर्ष वाया गेलं तरी. पत्रात तीन वर्षं लिहिली असली तरी प्रगती अहवाल दरवर्षी द्यावाच लागतो.