तपासण्या साफ, तक्रार तशीच

"अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, हातापायांत त्राण नाही." गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत बायकांच्या तोंडून ही तक्रार सतत ऐकू येते. तपासणी होते, गोळ्या मिळतात. पुष्कळदा तपासणीत काहीच सापडत नाही आणि दोन महिन्यांनी तीच बाई पुन्हा रांगेत दिसते. अशा वेळी 'काही नाही, मनाचे खेळ' म्हणून केसपेपर मिटता येतो. नाहीतर विचारता येतं, मग हिला होतंय तरी काय?

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सोडला नाही. २००५ साली उत्तर गोव्यातल्या १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांच्या पाहणीतून त्यांनी दाखवून दिलं, की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासी, चिंता आणि घरातल्या ताणाशी अधिक घट्ट आहे. बाई खोटं बोलत नव्हती. मन खचलंय हे सांगायला तिच्याजवळ शरीराचीच भाषा होती.

माणसाच्या वागण्याचा अभ्यास सुरू होतो तो इथे, ऐकलेलं आणि सापडलेलं जुळत नाही तिथे. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाची व्याख्याच अशी केली: आपल्याला ठाऊक असलेलं आणि ठाऊक करून घ्यायचं असलेलं यांच्यामधली फट जाणवली, की ती टोचू लागते. ज्याला सगळं आधीच कळलेलं असतं त्याला ती फट दिसत नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. यात दुष्टपणा नव्हता. मदतीची घाई होती.

ही घाई मला फार महत्त्वाची वाटते. "मला लोकांना मदत करायला आवडतं, म्हणून मानसशास्त्र घेते," असं बारावीतल्या मुली मला सांगतात. भावना खरी असते. पण मदतीची ओढ आपल्याला लगेच सल्ल्याकडे ढकलते. कुतूहल हात धरून थांबवतं आणि म्हणतं, अजून ऐक.

गोव्यात कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया या पाद्रींनी हेच केलं. त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मर या डॉक्टरच्या विचारांचा बोलबाला होता: संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह निघतो आणि समोरचा झोपी जातो. फारियांनी १८१३ पासून तिथे जाहीर प्रयोग केले. असा कुठलाही प्रवाह नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि कल्पनेतून घडतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मांडणारं त्यांचं पुस्तक १८१९ साली आलं, त्याच वर्षी ते गेले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारच्या त्यांच्या पुतळ्यात नजर आधी पसरलेल्या हातांवर जाते. पुढच्या वेळी खाली कलंडलेल्या बाईकडे थोडं जास्त वेळ पाहा. फारियांचा शोध तिच्या बाजूला आहे.

कुतूहल जागं असताना मेंदूतही फरक पडतो. २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांनी उत्सुकता चाळवली होती, त्यांची उत्तरं अधिक लक्षात राहिलीच. त्या वेळी दिसलेले चेहरेसुद्धा अधिक लक्षात राहिले. डोपामिन या रसायनावर चालणारं मेंदूतलं बक्षिसाचं जाळं आणि स्मृती घडवणारा हिपोकॅम्पस तेव्हा जोडीने काम करत होते. यावरून माझा अंदाज असा, की मनापासून ऐकणाऱ्या परिचारिकेला रुग्णाची नेहमीची पिशवी आज सोबत नाही, हेही टिपता येत असावं.

हे सगळं फक्त मोठ्या पदव्यांचं काम नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर ठरावीक शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ते टाळता येत नाही. पण गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा प्रयोग झाला. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. दिवसभरात काय करता, काय केल्यावर थोडं बरं वाटतं, काय सुटून गेलंय, अशा चौकशीतून पुढचं एखादं छोटं काम ठरायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात ३९ टक्के.

एक धोका मात्र आपल्या गावांत फार आहे. 'तू खंयची? कोणाची?' यातून दोन मिनिटांत सगळा वाडा कळतो. म्हणून मी मुलींना सांगते, प्रश्न समोरच्या बाईच्या कामाचा आहे की तुझी खाज भागवायचा, हे विचारण्याआधी तपास. आणि ऐकलेलं दाराबाहेर जाता कामा नये. भोचकपणा आणि जिज्ञासा यांच्यातली सीमा तिथे आहे.

त्यांना एक घरचा अभ्यास देते: आठवडाभर सल्ला द्यायचा नाही, फक्त "आनी मागीर?", म्हणजे 'आणि मग?', एवढंच विचारायचं. गेल्या वर्षी एकीने आजीच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. गुडघे, जिने, डॉक्टर, तेल. चौथ्या "आनी मागीर?"ला आजी आखातातल्या मुलाचा फोन गणपतीनंतर आला नाही, हे सांगू लागली.