मेगॉरमुळे बंड पेटलं नव्हतं आणि ड्रॅगनमुळे विझलंही नव्हतं

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळींत ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा विषय निघाला की त्या कथेतल्या वेस्टेरॉस राज्याच्या धर्मसेनेबद्दल, म्हणजे तिथल्या धर्मपीठाच्या सशस्त्र गटांबद्दल, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "राजा मेगॉर क्रूर होता म्हणून धर्मसेना उठली आणि त्याने ड्रॅगन सोडून ती संपवली." दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ठिणगी पडली ती मेगॉरचा सावत्र भाऊ एनिस याच्या राज्यात. मेगॉरने पहिली बायको असताना दुसरी केली तेव्हाच धर्मपीठ चिडलं होतं, पण एनिसने मेगॉरला हद्दपार केलं. मग कथेतल्या कालगणनेच्या सन 41 मध्ये एनिसने स्वतःच्याच मुलाचं आणि मुलीचं, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीचं लग्न लावलं. धर्मपीठाच्या लेखी हे महापाप! धर्मसेनेतले दोन गट, सरदार घराण्यांतले ‘वॉरियर्स सन्स’ आणि कुऱ्हाडी घेतलेले गोरगरीब ‘पुअर फेलोज’, दोघेही उठले. एनिस ड्रॅगनस्टोन बेटावर पळाला आणि पुढच्याच वर्षी वारला. मेगॉर गादीवर आला तो त्यानंतर.

त्याने आपल्या बेलेरियन या ड्रॅगनवर बसून वॉरियर्स सन्सचं मंदिर आतल्या माणसांसकट जाळलं. वॉरियर्स सनला मारलं तर सोन्याचं नाणं, पुअर फेलोला मारलं तर चांदीचं, असं बक्षीसही लावलं. तरी सन 48 मध्ये तो मेला तेव्हा बंड चालूच होतं.

ते थांबवलं त्याचा पुतण्या जहेरिसने, आणि तेही समेटाने. बंडखोरांना माफी दिली, धर्मपीठाने शस्त्रं खाली ठेवली आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी राजाने घेतली. मला तर हे श्रेय जहेरिसकडून काढून मेगॉरला देणं मोठा अन्याय वाटतो.