अग्रिगेंतुम

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राचीन ग्रीक नगर आक्रागासचे लॅटिन नाव. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझच्या कालगणनेनुसार सिसिलीतीलच ‘गेला’ या ग्रीक नगरातील वसाहतकारांनी ते इ. स. पू. सुमारे ५८० मध्ये वसवले. नाव शेजारच्या नदीवरून पडले. नाण्यांवरचा खेकडा त्या नदीचे चिन्ह मानला जातो. तत्त्वज्ञ एम्पेदोक्लीझ येथलाच. कार्थेजने इ. स. पू. ४०६ मध्ये नगर जिंकले. रोमनांच्या हाती ते कायमचे आले इ. स. पू. २१० मध्ये.

ग्रीक प्रथमा ‘आक्रागास’ असली तरी मूळ अंग (प्रत्यय लागण्यापूर्वीचे रूप) ‘आक्रागान्त्-’ आहे. प्रथमेत लोपलेला ‘न्त्’ द्वितीयेत (‘आक्रागान्ता’) दिसतो. संस्कृत ‘भरन्’, ‘भरन्तम्’ ही जोडी आठवली की हे लगेच उमगते. लॅटिन नाव प्रथमेवरून आलेले नाही, एवढे उघड आहे. ते द्वितीयेवरून आले, की ‘न्त्’कारान्त अंगाला ‘-उम’ जोडून झाले, याविषयी मतभेद आहेत. परक्या गावाचे नाव बहुधा ‘अमुक गावाला’ अशा द्वितीयेच्या प्रयोगातच कानावर पडते, म्हणून पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. तारास या नगराचे ‘तारेंतुम’ झाले तेही याच वाटेने. मधल्या अक्षरांतील ‘अ’चा ‘इ’ व ‘ए’ होणे हा जुन्या लॅटिनमधील नियमित स्वरबदल आहे; त्यामुळे नाव लॅटिनमध्ये बरेच आधी रुळले असावे. ‘क’चा ‘ग’ मात्र अनियमित आहे. ग्रीक ‘कुबेर्नान’चे (सुकाणू धरणे) लॅटिन ‘गुबेर्नारे’ होते, तसाच हा प्रकार. काहींना त्यात एत्रुस्कन या इटलीतील प्राचीन भाषेची मध्यस्थी दिसते.

ग्रीक नाव पुल्लिंगी, लॅटिन नपुंसकलिंगी. नगरनाम असल्याने दिशा व स्थान दाखवताना शब्दयोगी अव्यय लागत नाही : ‘अग्रिगेंतुम’ म्हणजे अग्रिगेंतुमला, ‘अग्रिगेंतो’ म्हणजे तेथून, ‘अग्रिगेंती’ म्हणजे तेथे. हे शेवटचे रूप षष्ठीसारखे दिसते, पण ती जुनी सप्तमी आहे. रोमन कवी व्हर्जिलने ‘ईनिड’ या महाकाव्यात ग्रीक ‘आक्रागास’च योजले आणि त्याचे विशेषणही पुल्लिंगी ठेवले. रोमन लेखक थोरला प्लिनी दोन्ही नावे देऊन ‘अग्रिगेंतुम’ हे आपल्या लोकांनी दिलेले नाव असल्याचे नोंदवतो.

पुढे प्रचलित झालेले ‘जिर्जेन्ती’ हे नाव अरबी उच्चारातून आले. १९२७ मध्ये ते बदलून ‘अग्रिजेंतो’ करण्यात आले.