एडीबी-जपान शिष्यवृत्ती : अर्ज बँकेकडे नाही, विद्यापीठाकडे

शेतातून कारखान्यात गेलेली माणसं, गावांची झालेली शहरं, बायकांच्या हाती आलेला पहिला पगार : आशियातल्या अनेक देशांत हे सगळं दोन-तीन पिढ्यांत घडलं. त्याचा अभ्यास त्याच भागात राहून करायचा असेल, तर एडीबी-जपान शिष्यवृत्ती पाहून ठेवा. आशियाई विकास बँकेची (एडीबी) ही योजना १९८८ साली सुरू झाली आणि तिचा पैसा जपान सरकार देतं. बँकेकडून कर्ज घेणाऱ्या आणि जपानच्या विकास मदतीस पात्र असलेल्या सदस्य देशांचे नागरिक अर्ज करू शकतात, म्हणजे भारतीयही. शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर, विषय अर्थशास्त्र, व्यवस्थापन, विज्ञान-तंत्रज्ञान आणि विकासाशी निगडित. पूर्ण फी, राहण्या-जेवणाचा मासिक भत्ता, पुस्तकं, आरोग्य विमा आणि प्रवासखर्च मिळतो. कुटुंब सोबत न्यायचं असेल तर तो खर्च आपला.

कोण पात्र?

पदवी चांगल्या गुणांनी झालेली हवी आणि अर्जाच्या वेळी वय ३५ पेक्षा जास्त नसावं. इंग्रजी लिहिता-बोलता यायला हवं, प्रकृती ठीक हवी आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची तयारी हवी. आधीच परदेशात राहणाऱ्या किंवा तिथे नोकरी करणाऱ्यांना ही शिष्यवृत्ती नाही.

आपल्याकडची मुलं अडखळतात ती पुढच्या अटीवर. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. एमपीएससीच्या तयारीत गेलेली वर्षं यात धरली जात नाहीत, आणि पदवीच्या आधी केलेली नोकरीही नाही. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असाल, तर तो अनुभव 'पूर्णवेळ' ठरेल असं गृहीत धरू नका. विद्यापीठाला ईमेल करून आधी विचारा. स्वयंसेवी संस्थेतली पगारी नोकरी चालते, पण पत्रावर रुजू झाल्याची तारीख, पद आणि 'पूर्णवेळ' हा शब्द स्पष्ट असू द्या. 'मनमिळाऊ व कष्टाळू' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र इथे कुचकामी.

अर्जाची वाट

बँकेला थेट अर्ज करता येत नाही. योजनेत सहभागी विद्यापीठांची यादी बँकेच्या संकेतस्थळावर असते. ती दरवेळी नव्याने बघावी, कारण यादी बदलते. आपल्याला हवा तो अभ्यासक्रम निवडायचा, विद्यापीठाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा आणि शिष्यवृत्ती हवी असल्याचं त्यातच कळवून बँकेचा माहिती-फॉर्म जोडायचा. विद्यापीठ छाननी करून नावं बँकेकडे पाठवतं आणि अंतिम मंजुरी तिथून येते. त्यामुळे खरी मुदत विद्यापीठाची, आणि ती प्रत्येकाची वेगळी. वर्षभर आधी लागलात तरच कागद वेळेत जमतील.

कागदपत्रं

पदवी प्रमाणपत्र, ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला विषयवार गुणांचा उतारा), अनुभवपत्रं, शिफारसपत्रं, टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (तो दोनच वर्षं ग्राह्य असतो), पासपोर्टची प्रत, आणि स्वतःच्या व घरच्यांच्या उत्पन्नाचे पुरावे. आर्थिक परिस्थितीही पाहिली जात असल्याने हे शेवटचे पुरावे हलक्यात घेऊ नका. फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) किंवा आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम. वडील शेतकरी असतील तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लावा.

नावाची भानगड मात्र आत्ताच मिटवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. असं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

अभ्यासाचा आराखडा

काय शिकायचं आणि कशासाठी, हे अर्जासोबत लिहून द्यायचं टिपण म्हणजे आराखडा. बाकीचे कागद तुम्हाला दारापर्यंत नेतात, आत घेतो तो हा आराखडा. 'भारताच्या विकासात योगदान द्यायचं आहे' हे वाक्य लिहिण्याचा मोह आवरा. ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एक नेमका प्रश्न मांडा. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरजवळची शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहत भारत-जपान सहकार्यातून आखलेल्या दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग आहे. थायलंडने १९८० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर जपानी कर्जाच्या मदतीने लाएम चाबांग बंदर आणि औद्योगिक पट्टा उभारायला घेतला. तिथल्या गावकऱ्यांचं, कामगारांचं, मासेमारीचं पुढे काय झालं? आणि बिडकीनच्या जमीन गेलेल्या शेतकऱ्याला त्यातून काय कळू शकतं? एवढा प्रश्न दीड पानात नीट मांडला आणि तो सोडवायला त्याच विद्यापीठातले कोणते विषय उपयोगी पडतील हे दाखवलं, की आराखड्याला वजन येतं.

निवड झाली की प्रवेशपत्र येतं. जपानला जायचं असेल तर तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पात्रता प्रमाणपत्र साधारणपणे विद्यापीठच मिळवून देतं आणि ते हाती आल्यावर व्हिसाचा अर्ज करायचा. पासपोर्टची मुदत अभ्यासक्रमाच्या काळात संपत असेल, तर नूतनीकरण त्याआधीच उरकून घ्या.