इमारतींवर लिहिणारा पत्रकार कायद्यापाशी का येतो?

न्यूयॉर्कमधल्या जुन्या उंच इमारती वर जाताना टप्प्याटप्प्याने आत सरकतात. ही वास्तुरचनाकाराची हौस नव्हे. १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेवरून सरळ वर चढली, आजूबाजूच्या गल्ल्यांचं ऊन गेलं आणि पुढच्याच वर्षी शहराने नियम केला: ठरावीक उंचीनंतर भिंत आत घ्या. हा नियम माहीत नसलेला बातमीदार त्या पायऱ्यांना शैली म्हणेल आणि चुकेल.

एडा लुईस हक्सटेबल यांची कारकीर्द मला म्हणूनच मोलाची वाटते. १९६३ मध्ये त्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पूर्णवेळ वास्तुसमीक्षक झाल्या. अमेरिकी वृत्तपत्रात असं पद तोवर नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कचं भव्य रेल्वे स्थानक, पेन स्टेशन, पाडायला सुरुवात झाली आणि त्याचे दगडी खांब न्यू जर्सीच्या दलदलीत टाकले गेले. मालकाला अडवेल असा कायदाच नव्हता. हक्सटेबल इमारतीच्या देखणेपणाइतक्याच नेटाने परवानग्या, जमिनीचे भाव आणि नियमांतल्या पळवाटांवर लिहीत राहिल्या. १९६५ मध्ये शहराचा वारसा-जतन कायदा आला. समीक्षेसाठीचं पहिलं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, १९७० मध्ये त्यांना मिळालं.

कायद्याची खरी कसोटी न्यूयॉर्कच्याच ग्रँड सेंट्रल स्टेशनवर लागली. रेल्वे कंपनीला त्याच्या डोक्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा टॉवर हवा होता. परवानगी नाकारणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेणं, असा तिचा दावा होता. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराची बाजू उचलून धरली. तो निकाल वाचल्याशिवाय जुन्या वास्तूंवर लिहूच नये, असं मला मनापासून वाटतं.

कायदा खुद्द पत्रकाराच्या दारातही येतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या मॅनहॅटनमधल्या दीडशे मजली इमारतीच्या कल्पनेला 'शिकागो ट्रिब्यून'चे वास्तुसमीक्षक पॉल गॅप यांनी खुळचट ठरवलं, तेव्हा ट्रम्प यांनी ५० कोटी डॉलरचा दावा ठोकला. १९८५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: इमारत कशी दिसेल यावरचं मत हे मतच, ती बदनामी नव्हे. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरच्या पिअर ३९ या बाजारसंकुलावर टीकेची तोफ डागणाऱ्या समीक्षक ॲलन टेम्को यांच्यावरचा दावाही टिकला नव्हता.

मताला मिळालेलं हे संरक्षण चुकीच्या तपशिलाला मिळत नाही. २०१४ मध्ये समीक्षक मार्टिन फिलर यांनी एका पुस्तक-परीक्षणात वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या कतारमधल्या स्टेडियमच्या कामावर सुमारे हजार मजूर दगावल्याचं लिहिलं. ते काम तेव्हा सुरूच झालं नव्हतं. हदीद यांनी दावा ठोकला, फिलर यांनी चूक मान्य करून माफी मागितली, २०१५ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि तिची रक्कम कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेकडे गेली.