टर्नटेबल घेताना पैसा सुईवर लावा

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून रेकॉर्डचा गठ्ठा खाली येतो आणि कोणीतरी म्हणतं, "आता एक प्लेयर घेऊनच टाकू." मग सुटकेससारखा दिसणारा एखादा स्वस्त प्लेयर मागवला जातो. अशा बहुतेक प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या कंपनांची वीज करणारा छोटा भाग. त्याच्या सुईचा भार बऱ्याचदा चार-पाच ग्रॅम असतो आणि तो कमी करायची सोय नसते. चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. इतकी वर्षं जपलेल्या तबकड्यांवर हा भार टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. तीस-चाळीस हजार खर्चायची तयारी असेल तर सगळ्यात आधी सुई आणि तिला धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, बघा. लाकडाची चमक नंतर.

सुई एवढी महत्त्वाची का? एलपी, म्हणजे मोठी प्लास्टिकची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. हा वेग बदलत नाही, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग बदलतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो आणि लेबलजवळ येईतो जेमतेम २१ उरतो. झांजेच्या आवाजातला १० हजार हर्ट्‌झचा बारीक स्वर घ्या. त्याच्या एका कंपनाला बाहेर ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा मिळते, आत फक्त २१. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. एवढ्या बारीक वळणात ते टोक शिरतच नाही, वरून घसरत जातं. म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात. लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन असते, ती त्या वळणात बरीच आत उतरते. हा फरक कान तयार नसलेल्यालाही ऐकू येतो.

आपल्याकडच्या गठ्ठ्यांत लाखेच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्याही हमखास निघतात. त्यांची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाला टेकते आणि नुसती खरखर येते. अशा घरासाठी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स मला सोयीचं वाटतं. त्यात ७८चा वेग आहे, सोबत लंबगोल सुई येते आणि त्याच कार्ट्रिजवर ७८साठीची वेगळी सुई बसते. फक्त एलपीच असतील तर रेगा किंवा प्रो-जेक्ट या कंपन्यांची पट्ट्यावर चालणारी साधी मॉडेलंही उत्तम. पट्टा बरा की डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडीखाली), या वादात या किमतीला फार अर्थ नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुनं टर्नटेबल आणलं तर मात्र मोटर तपासा. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ६० हर्ट्‌झची मोटर आपल्या ५० हर्ट्‌झवर ३३⅓ऐवजी २७.८ फेरे घेईल आणि गाणारीचा आवाज सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली येईल. वेग घरीच तपासता येतो. १८० रेघांची स्ट्रोब तबकडी जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा. ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात.

कार्ट्रिजमधून येणारा विद्युतदाब अवघा ४-५ मिलिव्होल्ट असतो. अँप्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या साध्या खोबणीला, काहीशे मिलिव्होल्ट लागतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीने कापला तर खाचा एवढ्या रुंदावतील की बाजूवर मिनिटंच कमी मावतील. ही उलटापालट परत सरळ करतो तो फोनो प्रीअँप. तो टर्नटेबलमध्ये आहे की अँपमध्ये, हे विकत घेण्याआधीच विचारा. दोन्हीकडे नसेल तर वेगळा घ्यावा लागेल. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवा.

लाकडी माडीवर ठेवणार असाल तर टेबलावर ठेवू नका, भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. टोनआर्म आणि कार्ट्रिजची जोडी ८ ते १२ हर्ट्‌झच्या आसपास स्वतःहून डोलते. कोणी चाललं की माडीचे हादरे याच्या थोडे खालीच असतात, आणि जोडी जुळली नाही तर तिचं डोलणं त्या हादऱ्यांशी जुळतं आणि सुई उडते.

उरला उन्हाळा. एलपी बनते पीव्हीसीच्या जातीच्याच प्लास्टिकपासून, ज्याचे पाइप जळगावात बनतात. पण त्यात व्हिनाइल ॲसिटेट मिसळलेलं असल्याने ते पाइपपेक्षा लवकर मऊ पडतं. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत तबकडी वाकायला एक दुपार पुरते. आडवा गठ्ठा रचला तर वरच्यांचं वजन खालच्यांवर येतं. म्हणून तळमजल्यावर, खिडकीपासून लांब, पुस्तकांसारख्या उभ्या आणि एकमेकींना टेकून ताठ राहतील अशा ठेवा.